म्हाताऱ्या माणसाचं रोजचं जेवण: पहिल्यांदाच चुलीपुढे उभं राहणाऱ्यांसाठी

२०२१ च्या डिसेंबरात आई गेली आणि अंबाजोगाईच्या घरातलं स्वयंपाकघर माझ्या हाती आलं. बायकोची नोकरी लातूरला, ती शनिवारी-रविवारी यायची. घरात अण्णा आणि मी. अण्णा तेव्हा ७९ वर्षांचे, माळकरी, म्हणजे अंडं-मटण नाही. साखरेची आणि बीपीची गोळी चालू. पुढचे दात दोन, दाढा तीन.

मला कुकर लावता येत होता. म्हाताऱ्या माणसाला हलकं द्यावं असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून मी मऊ भात, वरणाचं पाणी, दूध-बिस्किट आणि सफरचंदाचा कीस देत राहिलो. अण्णा निमूटपणे खायचे. तीन महिन्यांत त्यांचं वजन ५८ किलोवरून ५२ वर आलं. धोतर कमरेवर टिकेना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, मोठं काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, "खायला काय घालता?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते कागदावर लिहीत राहिले.

त्याच आठवड्यात आत्या आली. तिनं पातेल्यात पळी फिरवली, वरण वर धरून बघितलं आणि म्हणाली, "आरं, बैलाला नुसतं पाणी पाजून औत चालतंय का? डाळ कुठंय ह्यात?"

मऊ आणि पातळ यांत फरक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्या घरात आई, वडील, सासू, आजी, कुणीही असो आणि स्वयंपाक तुमच्याकडे नव्यानं आला असेल, तर या क्रमानं जा.

१. गॅस पेटवण्याआधी कागद गोळा करा

एका पिशवीत या गोष्टी घाला आणि डॉक्टरांकडे जा:

- चालू औषधांच्या पट्ट्या (यादी नको, पट्ट्याच न्या, यादीत चूक होते)
- शेवटचे रक्ताचे रिपोर्ट: तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (यावरून किडनी कळते), हिमोग्लोबिन, बी-१२
- गेल्या काही महिन्यांतलं वजन, माहीत असेल तर
- एक वही आणि पेन

आणि हे विचारा: किडनी कशी आहे? प्रथिनं वाढवली तर चालतील का? मीठ किती? पाणी किती, काही बंधन आहे का? कुठली गोळी उपाशीपोटी, कुठली जेवणानंतर?

किडनीचा प्रश्न सगळ्यात आधी. किडनीचा आजार असेल तर डाळी, दूध, फळं, सगळ्यांचा हिशेब बदलतो आणि या लेखातला प्रथिनांचा भाग तुम्ही डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नका. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा नारळ घेऊन येतो. पण किडनी कमजोर असेल, किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर नारळपाण्यानं रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून मिळतं त्यातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. दोन्ही विचारून घ्या.

गोळ्यांच्या वेळा वहीत लिहा. थायरॉइडची गोळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर देऊ नका. कॅल्शियमची गोळी लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीजवळ नको. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका. प्रमाण सारखं ठेवा.

२. तोंडात डोकावून बघा

हे कुणी करत नाही. टॉर्च घ्या, तोंड उघडायला लावा. हिरडी सुजली आहे का? दात हलतो का? कवळी असेल तर ती सैल झाली आहे का? वजन उतरलं की कवळीही सैल होते, मग ती टोचते आणि माणूस "भूक नाही" म्हणून ताट सरकवतो. अण्णांच्या जिभेखाली एक छोटा फोड होता. दहा दिवस ते बोलले नव्हते.

मग ते पाणी पिताना शेजारी बसा. ठसका लागतो का? घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो का? घास गालात साठून राहतो का? यांतलं काही वारंवार होत असेल तर आधी डॉक्टर, मग पाककृती. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि म्हातारपणी तो जीवावर बेततो.

जेवायला सरळ बसवा. खाटेवर रेलून, उशीला टेकून नाही. छोटा चमचा. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, लाह्या, कोरडा चिवडा हे गिळायला त्रास असणाऱ्यांच्या ताटातून काढाच.

३. किती लागतं, याचा हिशेब

वय वाढलं की काम कमी होतं, म्हणून खाणंही कमी लागतं, असं आपण धरून चालतो. थोडं खरं आहे. पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. उलट स्नायू झिजत असतात, म्हणून साठीच्या पुढच्या माणसाला साधारणपणे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात असं आहारशास्त्र सांगतं. म्हणजे ५४ किलोच्या माणसाला किमान ५४ ग्रॅम.

अण्णांचा दिवस असा बसवला. अंदाजे आकडे आहेत:

- ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम (दोन मध्यम भाकरी): १२ ग्रॅम
- तुरीची किंवा मुगाची कोरडी डाळ ६० ग्रॅम: १३ ग्रॅम
- दूध ४०० मिली, दशमीतलं (दुधात मळलेली भाकर) धरून: १३ ग्रॅम
- दही १५० ग्रॅम: ५ ग्रॅम
- शेंगदाण्याचं कूट २५ ग्रॅम: ६ ग्रॅम
- हुलग्याचं किंवा डाळ्याचं पीठ २५ ग्रॅम: ५ ग्रॅम

झाले ५४. जे अंडं खातात त्यांना एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात, त्यांचं काम सोपं. मी जे वरणाचं पाणी देत होतो त्यात दिवसाला मूठभरसुद्धा डाळ नव्हती.

आठवडाभर छोट्या वजनकाट्यावर मोजा, नंतर हात आपोआप बसतो. डब्यातली प्रोटीन पावडर डॉक्टरांनी सांगितली तरच आणा. बऱ्याच पावडरींत साखर असते, आणि ती पिऊन पोट भरलं म्हणून जेवण सुटतं.

४. भाकर

इथं मी सगळ्यात जास्त चुकलो. दात नाहीत म्हणून मी भाकर बंद केली. ज्या माणसानं ऐंशी वर्षं जुंधळ्याची भाकर खाल्ली त्याला भात हे जेवण वाटतच नाही. अण्णा एकदा फक्त एवढंच म्हणाले, "जेवल्यावानी वाटंना गेलं."

पीठ ताजं हवं. ज्वारीचं पीठ पंधरवड्याचं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो, भाकर थापताना चिरा पडतात आणि भाजल्यावर ती कडक होते. म्हणून दळण एका वेळी दोन-तीन किलोचंच. आपल्याकडं रब्बीची मालदांडी ज्वारी मिळते, ती भाकरीला गोड आणि मऊ. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण २०१८ साली आणलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडं मिळाली तर घ्या.

आधण उकळीचं घ्या. परातीत पीठ, मधे खड्डा, त्यात उकळतं पाणी, उलथन्यानं कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं मळा. चांगलं मळा, हात दुखेपर्यंत. भाकर फुटते ती मळण्याच्या आळसामुळं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा, पाणी सुकायच्या बेतात उलटा. फुगली की उतरवा आणि लगेच कापडात गुंडाळा. उघडी ठेवली की पाच मिनिटांत तिचं खापर होतं.

आता दात नसलेल्यांसाठी. गरम भाकरीचा वरचा पापुद्रा सोडवून काढा, तो तुम्ही खा. आतला मऊ भाग बारीक कुस्करा, इतका की मोठा तुकडा बोटाला लागू नये. वर गरम, दाट वरण किंवा दूध ओता, झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा. काला एकजीव झाला पाहिजे. पातळ कालवणात तुकडे तरंगताहेत असं ठेवू नका. पाणी आधी घशात उतरतं, तुकडा मागून येतो आणि ठसका लागतो. चमचा उपडा केला तर काला सावकाश पडावा.

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडली ती दशमी. पाण्याऐवजी गरम दुधात पीठ मळायचं, चिमूटभर मीठ, चमचाभर तीळ भाजून कुटून. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी दूध लागतं, पीठ बघून घ्या. भाकरीपेक्षा जराशी जाड थापा, मंद आचेवर भाजा, वर तूप. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती मऊ असते. पूर्वी लोक प्रवासाला दशम्या बांधून न्यायचे ते उगाच नाही. गुळाची दशमी छान लागते, पण साखरेची गोळी चालू असेल तर गूळ आणि साखर एकच समजा. गुळानं काही होत नाही, हे मला निदान दहा जणांनी सांगितलं आणि दहाही जण चुकीचे होते.

धपाटे दह्यात भिजवा, थालीपिठासारखे खरपूस नकोत. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून रात्रीला उत्तम.

५. कालवण दाट करा

वरणाचं माप: एक वाटी डाळ, अडीच वाटी पाणी, हळद, हिंग, तेलाचा थेंब. डाळ अर्धा तास भिजवली की गॅसही वाचतो आणि पोटही फुगत नाही. शिट्ट्या झाल्यावर रवीनं घोटा. पळी उभी धरली की वरण तिला चिकटून राहिलं पाहिजे. डाळ लवकर गळावी म्हणून सोडा टाकू नका, त्यातूनही सोडियमच जातं. निलंग्याकडची बोरसुरीची तूरडाळ मिळाली तर फारच छान, चवीला वेगळी आहे.

वय झालं की जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही मंद होतात. मग आपण काय करतो, बिनमसाल्याचं, फिकं जेवण देतो. अण्णांनी आत्याच्या हातची येसर आमटी खाल्ली त्या रात्री वाटी पुढं केली आणि "अजून" म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं, मसाले यांचं पीठ. आमटी दाट होते आणि वासानंच भूक लागते. लाल तिखट अर्ध्यावर आणा, बाकी लसूण, जिरं, धने, कोथिंबीर, चिंच यांना हात आखडू नका.

याशिवाय आठवड्याला फिरवायला:

पिठलं. पातळ नाही, घोटलेलं. भाकरीच्या काल्याबरोबर याच्याइतकं सोपं काही नाही.

हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळून ठेवा. दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, उकळत्या पाण्यात सोडा, ढवळत राहा. आम्ही मीठ-जिरं घालून करतो आणि उतरवल्यावर दोन चमचे दूध.

अंबाडी, चाकवत, पालक, मेथी. कुठलंही माळवं डाळीत शिजवून, हाटून, लसणाची फोडणी. देठ काढून टाका, धागे घशात अडकतात.

वरणफळं. फळं छोटी करा, नखाएवढी, आणि पूर्ण शिजू द्या.

सगळं एकत्र मिक्सरमधून काढू नका. मी एकदा भाकर, भाजी, वरण एकत्र फिरवून वाटीत दिलं. अण्णांनी त्या हिरवट लगद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि वाटी खाली ठेवली. मऊ करा, पण वरण वरणासारखं दिसू द्या.

६. ताट छोटं, वेळा जास्त

दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी पाच वेळा थोडं थोडं. आमचं असं चालतं: सकाळी सातला चहा आणि दशमीचा तुकडा, साडेनऊला कण्या किंवा मुगाचं धिरडं दह्याबरोबर, साडेबाराला मुख्य जेवण, चारला माडगं किंवा दूध, साडेसातला रात्रीचं हलकं पण दाट. सगळ्यात जास्त भूक दुपारी लागते असं दिसलं, म्हणून भारी ताट दुपारी. तुमच्याकडं वेगळं असेल, आठवडाभर बघून ठरवा.

चहा जेवणाला लागून नको, एक तास अंतर ठेवा, अन्नातलं लोह नीट लागत नाही. चहा-बिस्किटानं भूक मरते ते वेगळंच.

साखरेची गोळी घेतली आणि जेवण राहिलं, हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा गुंगी दिसली तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

७. मीठ, तूप, चटण्या

दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. स्वयंपाकातलं मीठ कमी करून ताटात लोणचं-पापड ठेवला तर काही उपयोग नाही.

तूप मात्र लोक भीतीनं बंद करतात. वजन उतरलेल्या माणसाला दोन चमचे तूप किंवा करडईचं तेल हवंच असतं, थोड्या घासात जास्त ताकद जाते. हृदयाचा आजार असेल तर विचारून घ्या.

जवस, कारळ, तीळ, शेंगदाणा, या आपल्या चटण्या सोडू नका. तिळात कॅल्शियम भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर. फक्त पिठासारख्या बारीक कुटा आणि दह्यात किंवा तुपात कालवून द्या. कोरडी पूड घशात उडते.

८. उपवास आणि उन्हाळा

एकादशी सोडा असं मी अण्णांना म्हणू शकलो नाही, आणि म्हणायला नकोही होतं. डॉक्टरांना विचारून त्या दिवसाच्या गोळीचं प्रमाण ठरवून घेतलं आणि उपाशी न ठेवता राजगिऱ्याची खीर, दही, शेंगदाण्याची आमटी, केळं असं दर तीन तासांनी दिलं. साबुदाणा चिकट असतो, गिळायला त्रास असेल तर टाळा.

भगर जपून. नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या मराठवाड्यातून येतच असतात. सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका. पाकीटबंद घ्या, तारीख बघा, निवडा, धुवा, वाळवा आणि लागेल तेवढंच घरी दळा. शिजवलेली भगर रात्रीसाठी ठेवू नका.

एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही. "पाणी पाहिजे का?" असं विचारलं की उत्तर "नको" येतं. विचारू नका, दर तासाला अर्धं फुलपात्र हातात द्या. पाण्याचं बंधन असेल तर तेवढंच. ताक, आंबील, शिजवून गाळलेलं पन्हं बिनसाखरेचं, हेही पाण्यातच धरा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. लाइट गेली की फ्रीजचा भरवसा नाही. वरण-भात दोन वेळचं एकदम करू नका.

पोट साफ होत नसेल तर इसबगोल देताना बरोबर पेलाभर पाणी गेलंच पाहिजे, नाहीतर उलटं घट्ट होतं.

९. वही ठेवा

दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन. वहीत तारीख, वजन आणि त्या आठवड्यात काय उरलं ते लिहा. काय खाल्लं यापेक्षा काय उरलं हे जास्त सांगतं. ५८ किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत तीन किलो वजन आपोआप उतरलं, तर थांबू नका, दाखवा. तसंच सलग दोन दिवस जेवण निम्म्यावर आलं, गिळताना रोज ठसका लागू लागला, किंवा माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना.

तुम्ही बाहेरगावी गेलात तर वहीच्या पहिल्या पानावर गोळ्यांच्या वेळा, ठसक्याची काळजी, काल्याचं माप आणि डॉक्टरांचा फोन लिहून ठेवा. शेजारच्या काकूंना एकदा समोर बसवून काला करून दाखवा. सांगून तो जमत नाही. माझ्या हातालासुद्धा आत्यानं मनगट धरून दाखवला तेव्हा कळला.

आमच्या वहीत जून २०२२ च्या पहिल्या रविवारी ५४.५ आहे. पुढं "काय उरलं" या रकान्यात अण्णांनी स्वतः, थरथरत्या अक्षरात लिहिलंय: काही नाही.